साडूंचे फिरते मॉनिटर

माझ्या साडूंइतका मॉनिटरचा लोभी माणूस हैदराबाद-सिकंदराबाद अशी दोन्ही शहरं पालथी घातली तरी सापडायचा नाही. इमारतींचे नकाशे काढायला त्यांच्या चिक्कडपल्लीच्या घरी टेबलाखाली छोट्या कपाटाएवढा कॉम्प्युटर आहे, आणि लोक प्रवासात लॅपटॉपसोबत नेतात तसले वहीसारखे पातळ मॉनिटर त्याला यूएसबी केबलने जोडलेले, एकूण पाच! "न हलणाऱ्या मशीनला हे फिरते मॉनिटर कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मशीन नाही हलत, बावा. मी तर हलतो ना!" एक मॉनिटर ते पोथीसारखा नाकाशी धरत, दुसरा मांडीवर टाकत, तिसरा कपड्यांच्या चिमट्यांनी खिडकीला लटकवत. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी नवा मॉनिटर दाखवत. मेहुणीने चुकून एखाद्यावर गवारीचं ताट ठेवलं की "हल्लू, हल्लू!" करत धावत.

मी हसायचो, पण आतून जळायचो. मी सिकंदराबादला घरी बसून कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो. एकाच स्क्रीनवर मूळ आणि भाषांतर वरखाली करताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात आमची ही साडूंकडून परतताना दर वेळी म्हणणार, "भावोजी किती मजेत काम करतात, नाही?" शेवटी एका शनिवारी कोठीच्या बाजारात जाऊन मीही तसलाच मॉनिटर आणला आणि ऐटीत जोडला. तो निळा झाला, विझला, पुन्हा निळा झाला. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी अपमान गिळून साडूंना फोन केला.

ते लगेच ऑटोने आले. "जुन्या मशीनची वीज पुरत नाही त्याला. वेगळी वायर लावू, परेशान नका होऊ," म्हणत टेबलाखाली शिरले आणि कॉम्प्युटरची मागची बाजू बोटांनी चाचपत राहिले. मी टॉर्च धरला, तरी चाचपतच होते. मग हळूच म्हणाले, "साडूबुवा, माझं बोट धरून त्या पोर्टावर ठेवता का?"

मी ठेवलं. त्यांनी वायर खोचली आणि मॉनिटर झक्क चालू झाला. तिथेच फरशीवर बसून त्यांनी सांगितलं, की दोन वर्षांपासून त्यांच्या नजरेचा मधला भाग जातोय. बघावं तिथे मधोमध डाग. मोठा मॉनिटर डोळ्यांशी ओढता येत नाही, हे उचलता येतात. एकेकावर नकाशाचा एकेक तुकडा मोठा करून ते बघतात. "घरात हिला ठाऊक आहे. बाकीचे हौला, येडा समजतात मला, समजू देत. काम तर नाही ना सुटलं!"

परवा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी एका बंगल्याचा पुरा झालेला नकाशा माझ्यासमोर धरला. "मला तुकड्यातुकड्यानंच दिसतो. सगळा मिळून कसा दिसतो, सांगा ना." मी सांगू लागलो: रुंद व्हरांडा, वळून वर जाणारा जिना, स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी. ते डोळे मिटून ऐकत होते. घर इतकं देखणं होतं, की मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला. आणि का कोण जाणे, तसा वाटला याचं फार बरं वाटलं.