नेपानगरच्या काकू आणि नाटककारांचं पोस्टकार्ड

गुरुवारी आमच्या बऱ्हाणपूरच्या कॉलेजात एम.ए. मराठीचे सेमिनार होते. माझा विषय होता एका खूप मोठ्या नाटककारांचं जीवन आणि साहित्य... नाव लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये त्यांच्यावरच वाद सुरू होईल.

मराठी घेतलेले आम्ही सगळे मिळून सहा जण. घरी निंबोल्याला आम्ही आमच्या खानदेशी वळणाचं बोलतो, बाजारात हिंदी, आणि कॉलेजात दोन्हींची खिचडी... त्यात परीक्षक मॅडम महाराष्ट्रातून, जळगावहून येणार होत्या. तोंड उघडलं की मॅडम हसणार, हे मी धरूनच चालले होते.

म्हणून मी सगळं पाठच करून टाकलं. जन्म, शिक्षण, नाटकांची यादी, पुरस्कार... पुस्तकी मराठीतली पंधरा पानं. सरांनी ती चाळली आणि एवढंच विचारलं, "यांचं एखादं नाटक पाहिलंयस का?"

नव्हतं पाहिलं. त्यांचंच काय, कुणाचंच नाही... इथे मराठी नाटक येतं कुठे?

सर म्हणाले, "मग नेपानगरला जाऊन भिरूड काकूंना भेट." तिथल्या कागद कारखान्यात महाराष्ट्रातून नोकरीला आलेली माणसं एकेकाळी गणपतीत नाटकं बसवायची. याच नाटककारांच्या एका नाटकात काकूंनी काम केलं होतं, असं सरांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

रविवारी पॅसेंजरने गेले. काकू पंचाहत्तरीच्या, काका गेल्यापासून एकट्याच राहतात. शेंगदाणे निवडत बसल्या होत्या... मी नाटकाचं नाव घेतलं तशा ताट बाजूला सारून उभ्याच राहिल्या. "कोणता प्रवेश पाहिजे?"

त्यात एक प्रवेश आहे. मुलगी नोकरीसाठी घर सोडून दूर निघाली आहे हे वडिलांना सांगते, आणि तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून वडील नुसता चष्मा शोधत राहतात. माझ्या नोट्समध्ये त्यापुढे मी 'पिढ्यांमधील संघर्ष' असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

काकूंनी तो प्रवेश रिकाम्या खुर्चीसमोर म्हणून दाखवला. शेवटी शेवटी मला समोरची वही दिसेना... मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले.

पण एक गोष्ट खटकत होती. पुस्तकातली मुलगी म्हणते, 'मी जाते आहे, बाबा'. काकूंची मुलगी म्हणाली, 'मी जाऊन राहिली, बाबा'... मी घाबरतच विचारलं, असं चालतं का?

काकू हसल्या. लग्न होऊन त्या भुसावळकडच्या खेड्यातून नुकत्याच आल्या होत्या. तालमीत एक पुण्याचे साहेब त्यांना दर वाक्याला थांबवायचे आणि बाकीचे हसायचे. चौथ्या दिवशी काकूंनी काम सोडायचं ठरवलं.

"मग म्हटलं, ज्यानं लिहिलं त्यालेच विचारू."

त्यांनी खरंच नाटककारांना पत्र टाकलं होतं. आणि उत्तर आलं होतं... कपाटातल्या साड्यांखालून काकूंनी पोस्टकार्ड काढलं. तुम्ही रंगमंचावर उभ्या राहिलात की ती मुलगी तुमची, मग ती तुमच्यासारखीच बोलणार, अशा अर्थाच्या चार ओळी होत्या. खाली सही.

पंधरा पानांतला माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटला.

निघताना धीर करून विचारलं, "काकू, गुरुवारी याल?" त्या म्हणाल्या, "साडी कोणती नेसू?"

गुरुवारी मी पाठ केलेली पानं बॅगेतच राहू दिली. मी आजवर एकही नाटक पाहिलेलं नाही, इथून सुरुवात केली... आणि मग मराठी जशी येते तशी बोलत गेले. मध्येच 'लेकिन' आलं, 'मतलब' आलं. मॅडम लिहीत होत्या. हसल्या नाहीत.

मग काकू उठल्या. मला म्हणाल्या, "तू बाप हो." मी टेबलावर चष्मा चाचपडायला लागले... आणि मॅडमनी हळूच स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे केला.

मी तो हातात घेतला. काकू जराही न अडखळता म्हणाल्या, "तो तुमचा नाही, बाबा."

नाटकात हे वाक्य नाहीये. सगळा वर्ग हसला, मॅडमसुद्धा... आणि त्याच हसण्यात काकूंनी पुढचं वाक्य टाकलं, "मी जाऊन राहिली, बाबा." मी चष्मा खाली ठेवला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, पण मला राहवलंच नाही.

नंतर पोस्टकार्ड सगळ्यांच्या हातातून फिरलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि काकूंना विचारलं, "किती प्रयोग केलेत तुम्ही?"

"एकच. कारखान्याच्या हॉलमध्ये."

एकच प्रयोग... आणि एवढ्या वर्षांनंतर सगळं तोंडपाठ.

मार्क अजून कळायचे आहेत. पण त्या नाटककारांच्या नाटकाची नेपानगरमधली ती एक संध्याकाळ मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. आता ती माझ्या सेमिनारच्या वहीत पहिल्या पानावर आहे... काकूंच्या बोलीत, जशीच्या तशी.