लिथियमपासून फ्लोरीनपर्यंत

जगातली यच्चयावत माणसं, जनावरं आणि भाजीपाला एका तक्त्यात चपखल बसवता येतो, असं छातीठोकपणे मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला आणि तो नेमका माझा सासरा निघाला. येडगावजवळच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. मूलद्रव्यांची आवर्तसारणी हा त्यांचा देव, कुलाचार आणि करमणूक, सगळं एकदमच. मेणकापडाचा तो तक्ता काखोटीला मारल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. बेल्ह्याच्या बाजारात हात लावताच उसळणारा खोंड दिसला, की हा पहिल्या उभ्या रकान्यातला म्हणून हरखून जात आणि सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त तापट का, हे व्यापाऱ्यालाच समजावत बसत. एक व्यापारी शेवटी म्हणाला, "मास्तर, बैल घ्यायचा का न्हाई तेवडं सांगा, टेम्पो खोळंबलाय." एकदा ग्रामसभेत त्यांनी पाण्याच्या घमेल्यात गव्हाच्या दाण्याएवढा सोडियम सोडला. तो चुरचुरत पाण्यावर पळत सुटला, पुढची मंडळी मागच्या रांगेत गेली, आणि हे हळहळले, "शाळंला पोटॅशियम मिळत न्हाई, न्हाईतर लई मजा दावली असती." सासूबाईंना ते कौतुकानं सोनं म्हणत, कारण सोन्याची कशाशी लवकर अभिक्रिया होत नाही. त्यावर त्या एवढंच म्हणत, "मग त्यातलं थोडं अंगावर घाला की."

नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी मी वडील आणि मामांबरोबर घोडेगावहून त्यांची मुलगी पाहायला गेलो. ती पोहे घेऊन आली आणि मला इतकी आवडली, की हिच्याशी नाही जमलं तर पुन्हा कुठं पाहायला जायचं नाही, असं मी पोह्याच्या पहिल्या घासालाच ठरवून टाकलं. शेती किती, नोकरी कसली, याची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. सासऱ्यांनी मात्र तक्ता उलगडला. "पावणं, ह्या आडव्या ओळीत लिथियमपास्नं फ्लोरीनपर्यंत गेलं, तर अणू मोठा व्हतो का ल्हान?"

"मोठा," मी ऐटीत म्हणालो. "एकेक इलेक्ट्रॉन वाढतोय ना."

मुलगी मान खाली घालून हळूच म्हणाली, "लहान होतो. केंद्रातला धनप्रभार वाढतो, तो सगळ्यांना आत ओढून घेतो." संपलं, असं मला वाटलं. पण सासरे कपबशा मांडून, चमचे सरकवून तासभर मला ते समजावत राहिले. बोलता बोलता इतके रंगले, की लग्नाचा विषय राहूनच गेला आणि आमची शेवटची एसटी चुकता चुकता मिळाली. वाटेत मामा म्हणाले, "नापास केलं त्यांनी तुला." मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यासह ते आमच्या दारात हजर. होकार घेऊन आले, असं समजून आईनं देवापुढं दिवा लावला आणि त्यांच्या हातावर साखर ठेवली. त्यांनी ती पाहुणचार समजून तोंडात टाकली आणि लगबगीनं म्हणाले, "काल अर्धंच सांगितलं. वरून खाली गेलं, की अणू मोठा व्हतो. ते ऱ्हायलं व्हतं."

आई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. साखर खाल्ली, म्हंजी ठरलं."

"काय ठरलं?"

"तुमच्या पोरीचं."

ते क्षणभर तक्त्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. "असू द्या. पोरगी काल म्हनलीच व्हती, शिकवलं तर शिकंल."

त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्याबरोबर पहिल्या रकान्यात पार तळाच्या फ्रान्शियमपर्यंत खाली उतरलो.

लग्न त्यांच्याच दारात झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि हे जीपच्या खिडकीशी येऊन मला सांगू लागले, "खाली जाईल तसा शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रापास्नं लांब पडतो. म्हनून तो सुटायला सोपा. तीस वर्सं पोरांना सांगत आलो, सोपा म्हनून." बायको आतून म्हणाली, "अण्णा, मी सोमवारी येतेच आहे ना." ते नुसती मान हलवत राहिले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी खिडकीवरचा हात त्यांनी काढला नाही. शेवटी तिनंच तो हळूच सोडवला.