दोन खेळींत मोडलेलं कोडं

शहराच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. सहा-सात जण, त्यात बाई मी एकटीच. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून सगळे मला मॅडम म्हणतात. बुद्धिबळाचा पूर्ण डाव तिथं क्वचितच कुणी खेळतं. आमचा नाद कोड्यांचा. पटावर एक स्थिती मांडायची आणि पांढऱ्यानं दोन किंवा तीन खेळींत काळ्या राजावर मात कशी करायची, ते सोंगट्यांना हात न लावता शोधायचं. ज्याला सापडेल त्यानं चिठ्ठीवर लिहून ती दुमडून टेबलावर ठेवायची आणि बाकीच्यांचं होईपर्यंत गप्प बसायचं. एकेका कोड्याला कधी कधी तास जातो.

मी त्यातली मधली. फार हुशार नाही, अगदी मागेही नाही. कोडी आणायचे आमच्यातले औषध दुकानवाले. खोलीही त्यांनीच मिळवून दिली होती. त्यांनी एकदा टूम काढली, की एक अवघड कोडं शनिवारीच ग्रुपवर टाकायचं म्हणजे सगळ्यांना विचार करायला वेळ मिळेल. त्या शनिवारी माझ्यासमोर दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. कोडं तासभर बघितलं, सुटेना. फोनमध्ये बुद्धिबळाचं एक ॲप होतं. त्यात सगळ्या सोंगट्या मांडल्या आणि बटण दाबलं. उत्तर लगेच आलं.

रविवारी बाकी कुणाचीच चिठ्ठी पडली नाही. माझी उघडल्यावर औषध दुकानवाले खुर्चीतून उठलेच. "अहो मॅडम, वजीर देऊन टाकायचा? कसं सुचलं?"

मी म्हटलं, "सुचलं."

त्या एका शब्दानं सुरुवात झाली. पुढच्या शनिवारी मी अर्धा तासच प्रयत्न केला, त्याच्या पुढच्या शनिवारी दहा मिनिटं. नंतर नंतर कोडं आलं की आधी ॲपच उघडायचे. उत्तर पाठ करायचे, मग ते कसं सापडलं असेल याची गोष्ट तयार करायचे, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता यावी. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलींना मी मागच्या बाकावरून उठवून पुढं बसवते. ते करतानाही मला काही वाटलं नाही, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

माझं सगळ्यात जास्त कौतुक आमच्यातल्या काकांना होतं. काका सत्तरीचे. सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. त्या खडखडाटानं त्यांचा डावा कान गेलेला, त्यामुळे ते बोलतात मोठ्यानं आणि माझं बोलणं ऐकायला मान वळवून उजवा कान पुढं करतात. घरी तेलुगू, आमच्यात मराठी. कोडं सोडवायला त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागायचा, पण हार मानायचे नाहीत. "मॅडमचं डोकं म्हणजे डोकं हाय," असं ते नव्या माणसाला माझी ओळख करून देताना सांगायचे. मी हसून मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी, काका चौकटीची वही घेऊन आले. त्यांनी स्वतः एक कोडं रचलं होतं. आमच्यात तोवर कुणीच रचलं नव्हतं. तीन खेळींत मात. पटावर सोंगट्या मांडताना ते प्रत्येक घर वहीत बघून घेत होते.

"चार महिने लागले," ते म्हणाले. "घरातले म्हणतात येडा झालाय म्हातारा. मॅडम, पहिलं तुमी बगा. तुमाला आवडलं म्हंजे झालं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पटाकडे बघितलं आणि मला काहीच दिसेना. इतके महिने मी खरं डोकं चालवलंच नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. औषध दुकानवाले मला हसून म्हणाले, "काय मॅडम, आज काकांनी अडवलं वाटतं!"

मी शाळेतून फोन येतोय असं सांगून उठले. वाचनालयाच्या मागं पाण्याची टाकी आहे, तिच्या आडोशाला उभी राहिले आणि भराभर सोंगट्या ॲपमध्ये मांडल्या. उत्तर आलं. पण त्यात तीन खेळी नव्हत्या, दोनच होत्या. आधी घोड्यानं शह, मग हत्तीनं मात. काकांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे ठरल्याहून कमी खेळींत सुटणारं ते कोडं मोडीत निघालं होतं.

तिथं उभं राहून मला इतकंच सुचायला हवं होतं, की हे काकांना नंतर बाजूला घेऊन सांगावं. किंवा चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात द्यावं. तसं काही मनात आलंच नाही. मला फक्त आत जाऊन सगळ्यांसमोर ते बोलण्याची घाई झाली होती.

"काका, याला तीन खेळी कशाला?" मी खोलीत शिरता शिरता म्हणाले. "दोनच पुरतात की." आणि चिठ्ठीचा नियम मोडून मी स्वतःच घोडा उचलून ठेवला.

आधी कुणाला कळलं नाही. मग कंडक्टर मांडीवर थाप मारून ओरडले, "आयला! लई भारी, मॅडम!" हे कंडक्टर मंगळवेढ्याचे, एसटीत आहेत, ड्युटी नसली की येतात. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. काका पटावर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मान वळवून उजवा कान माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, "तुमाला कसं दिसलं ओ हे?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मी म्हटलं, "दिसलं, काका."

त्यांनी वही मिटली, पिशवीत ठेवली आणि चहा न घेता गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. औषध दुकानवाल्यांनी फोन केला, तर पाय दुखतोय म्हणाले. चौथ्या रविवारी त्यांची रिकामी खुर्ची बघून मला बसवेना. पत्ता विचारून मी दुपारी त्यांच्या घरी गेले.

काकू आत तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि काका बाहेर आले. मला बघून गडबडले. स्वतः खुर्ची पुसून दिली. मला वाटलं होतं ते रागावलेले असतील. तशी तयारी करून गेले होते.

"मॅडम, तुमी कशाला तरास घेतला," ते म्हणाले. "मलाच लाज वाटली. तुमच्यासारख्या मानसासमोर असलं चुकीचं कोडं मांडलं. सगळ्यांचा वेळ घालवला. आपली लायकी न्हाय रचायची, हे आपल्याला कळाया पायजे."

माझ्या हातात काकूंनी दिलेला पाण्याचा तांब्या होता. तो खाली ठेवला आणि सांगून टाकलं. फोन आल्याचं खोटं, टाकीचा आडोसा, ॲप, सगळं. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

काका खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, "ते वजीर द्यायचं होतं, ते?"

"तेही फोननंच."

"ते एकट्या उंटाचं?"

"तेही."

"आन् ते प्याद्याचा घोडा केलेला? त्ये तर मी घरी येऊन हिला दाखवलं होतं."

मी होकारार्थी मान हलवली. ते एकेक कोडं आठवून विचारत गेले. प्रत्येक कोडं त्यांना सोंगट्यांसकट पाठ होतं. एक त्यातलं खरंच माझं होतं, सुरुवातीच्या दिवसांतलं. पण ते विचारलं तेव्हा "हे माझं आहे" असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी त्यालाही मान हलवली.

शेवटी ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं. मी आपला रोज बसून इचार करत होतो, घोडा कसा दिसला म्हनून." त्यांनी वही आणली. ज्या घरात घोडा जाऊन शह देत होता, तिथं मारा करणारं एक काळं प्यादं त्यांनी वाढवलं होतं. कोडं दुरुस्त झालं होतं. ते त्यांनी मला दाखवलं, पण या वेळी "बगा" म्हणाले नाहीत.

रविवारी मी सगळ्यांना सांगितलं. कंडक्टर हसण्यावारी नेऊ बघत होते. "आवो, आमी बी बगतो की कदी कदी, त्यात काय!" औषध दुकानवाले मात्र हसले नाहीत. ते टेबलावरच्या सोंगट्या सरळ करत राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलीला मी तुमचं उदाहरण देतो, मॅडम." त्यांनी "देत होतो" म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

काका त्याच दिवशी परत आले. दुरुस्त केलेलं कोडं त्यांनी मांडलं. मी तीन रविवार त्यावर बसले, मला सुटलं नाही. कंडक्टरांनी सोडवलं. काकांनी त्यांना मिठीच मारली. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि मला एकेक खेळी समजावून सांगितली, मी वर्गात कच्च्या मुलीला सांगते तशी, सावकाश.

आता शनिवारी ग्रुपवर कोडं टाकणं बंद झालं आहे. का, ते कुणी बोललं नाही. मी जाते, माझा फोन टेबलाच्या मधोमध ठेवते. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ठेवू नका असंही कुणी म्हटलं नाही. मागच्या महिन्यात एक कोडं मला खरोखर सगळ्यांच्या आधी सुटलं. मी चिठ्ठी लिहिली, दुमडली. खोलीत कुणाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. तरी ती चिठ्ठी मी मुठीत धरून ठेवली आणि काकांची पडल्यावरच टेबलावर ठेवली.