सोडायचं बटन

पहिल्या वर्षी वर्गात ओळख करून देताना मी म्हणाले होते, "बाबा फिशरीजमध्ये आहेत." यात खोटं काही नव्हतं. सानगडीकडच्या आमच्या गावाला तलाव आहे. बाबा त्यात डोंगा घालतात, जाळं फेकतात आणि मिळेल ती मासोळी बाजारात नेऊन विकतात. पण नागपूरच्या त्या एसी लॅबमध्ये 'फिशरीज' म्हटलं की लोकांना टेबल, खुर्ची आणि सरकारी जीप दिसते. मी ती दिसू दिली. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. कुणी विचारणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

मी गेम डिझाइन शिकते. हे घरी समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. आईला वाटतं मी कॉम्प्युटर शिकते, बाबांना वाटतं मी मोबाइलमधले खेळ बनवायच्या कारखान्यात लागणार, आणि दोघांचंही फारसं चुकत नाही. तिसऱ्या वर्षी तिघांच्या गटाने एक अख्खा गेम करायचा असतो. माझ्या गटात एक मुलगा, एक मुलगी, दोघंही शहरातले. विषय काही सुचेना, तेव्हा मीच म्हटलं, तलावातल्या मासेमारीवर करू. गावाकडचं काहीतरी दाखवलं की सर खूश होतात, एवढं शहाणपण मला तोवर आलं होतं.

गेममध्ये एक म्हातारा मासेमार खेळणाऱ्याला जाळं टाकायला शिकवतो. त्याला आवाज हवा होता. दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना डोंग्यात बसवून फोनवर रेकॉर्ड केलं. "अबे, जाळं फेक ना. काहून पाहून राहिला?" हे वाक्य वर्गात असं काही गाजलं की विचारू नका. कुणी उशिरा आलं, कुणाचा कोड अडकला, की मागून कुणीतरी बाबांची नक्कल करायचं, "काहून पाहून राहिला?" सगळे हसायचे. मीही हसायचे, इतरांपेक्षा जरा जोरातच. हा आवाज कुणाचा, असं सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या गावचे एक काका आहेत."

पुढे चाचणीची वेळ आली. ज्याने आयुष्यात कधी गेम खेळला नाही असा एक माणूस प्रत्येक गटाने आणायचा होता. सर म्हणाले, "त्या काकांनाच बोलवा की." गटातल्या दोघांनी हे उचलून धरलं. काका आजारी आहेत, असं सांगता आलं असतं. पण बाबांना आजारी म्हणायला जीभ रेटेना, आणि ते माझे बाबा आहेत म्हणायलाही रेटेना. मी फोन लावला.

"बाबा, या. पण तिथं माह्याशी बोलू नका. चाचणीच्या वेळी गेम बनवणाऱ्यानं बोलाचं नसते, तसा नियम हाय."

"काहून?"

"तसाच नियम हाय, बाबा."

"बरं," ते म्हणाले.

नियम खरा होता. खेळणारा चुकला, अडला, वैतागला तरी बनवणाऱ्याने मागे बसून मुकाट्याने लिहून घ्यायचं, मदत करायची नाही. पण गेटवर जाऊन बापाला आत आणू नये, असं त्या नियमात कुठे म्हटलं नव्हतं. मी गटातल्या मुलाला पाठवलं.

बाबा ठेवणीतला पांढरा शर्ट घालून आले. लॅबच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. आत सगळे बूट घालून बसलेले. "राहू द्या काका, चालतं," कुणीतरी म्हणालं, तरी त्यांनी काढल्याच. मग त्यांनी मला पाहिलं आणि परक्या मुलीसमोरून जावं तसे नजर खाली घालून पुढे गेले. मला हायसं वाटलं. तेव्हा खरोखर हायसं वाटलं, हे आज लिहून ठेवते.

ते खेळायला बसले. कंट्रोलर त्यांनी दोन्ही हातांत वल्ह्यासारखा धरला. पडद्यावरून त्यांचाच आवाज आला, "काहून पाहून राहिला?" आणि अख्खी लॅब हसली. बाबांनी मागे वळून पाहिलं. आपण काही गमतीचं बोललो असू असं समजून तेही हसले. मी वहीत डोकं घातलं.

जाळं टाकणं मात्र त्यांना तिसऱ्या खेपेला जमलं. लहानमोठे मासे वर आले, गुण वाढू लागले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग बाबा थांबले. घड्याळ पळत होतं, ते नुसते पडद्याकडे बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, काका गोंधळले. मला लगेच कळलं काय झालं ते.

आमच्या तलावावर एक रीत आहे. वीतभराहून लहान रोहू किंवा कतला जाळ्यात आला तर तो परत सोडायचा. तोही फेकून नाही. ओंजळीत धरून पाण्यात न्यायचा आणि तो आपणहून निघेपर्यंत हात तसेच ठेवायचे. लहानपणी बाबांच्या डोंग्यात हे काम माझं होतं. गेमच्या पहिल्या आराखड्यात मी ते घातलंही होतं. गटातली मुलगी म्हणाली, यात वेळ जातो, स्कोअर थांबतो. मी निमूटपणे काढून टाकलं. वाद घातला असता तर हे मला कसं माहीत, ते सांगावं लागलं असतं.

बाबांनी एकेक बटन दाबून पाहिलं. मग ते मागे वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, लहान मासोळी सोडाचं बटन कोनतं हाय जी?"

बोलायचं नाही असा नियमच होता. वहीत लिहिलं, 'खेळाडूला मासा सोडायचा आहे.' सर पुढे झाले, त्यांनी बाबांकडून सगळी रीत समजून घेतली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "हे तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही?"

शेवटी फॉर्म भरायचा होता. खेळणाऱ्याचं नाव, वय, काम आणि 'गेम बनवणाऱ्याशी नातं.' सरांनी बाबांना समजावलं, "घरच्या माणसांचं मत आम्ही धरत नाही, काका. घरचे कौतुकच करतात." मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी लिहिलेलं आडनाव बघून गटातल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. "गावात निम्म्या घरांचं हेच आडनाव आहे," मी म्हटलं. तेही खरंच आहे. नात्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'नाही.'

बाबा चौथीपर्यंत शिकलेत. सही करण्याआधी कागद वाचतात, ओळीखाली बोट ठेवून. बोट त्या रकान्याशी आलं आणि थांबलं. मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि सावकाश सही केली.

बसस्टँडवर मी एकटीच सोडायला गेले. साकोलीची बस लागली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "गेम कसा वाटला, बाबा?"

"चांगला झाला बाई, लय चांगला झाला," ते म्हणाले. पायरीवर चढून त्यांनी दांडी धरली आणि मागे न पाहता म्हणाले, "पण माह्यं नोको धरू. मी घरचा मानूस."