न मारलेली लाथ
आज दिवाणाखाली झाडताना वीस बाजूंचा तो फासा हाती लागला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. मागच्या उन्हाळ्यात भाचा गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी कुंग-फूच्या लढाईचा खेळ घेऊन आला होता. त्यात आपला डाव आला की लाथ, बुक्की की पळणं ते आधी बोलायचं, मग फासा टाकायचा. बोललेलं फिरवायचं नाही, असा नियम. कूलर घरघरत होता, ओल्या खसचा वास येत होता. गुंडानं खेळातल्या माझ्या बाईची वाट अडवली. भाच्यानं विचारलं, "मामी, आता तू काय करते?" या घरात मला असं कोणी विचारत नाही. लाथ मारते, हे ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात पलंगावरून नवरा म्हणाला, "ती काय करणार? पळते." भाचा म्हणाला, "चलो, बोल दिया तो बोल दिया." मी फासा टाकला. वीस पडले, सगळ्यात मोठं दान. त्या दानाला गुंड एका लाथेत आडवा झाला असता. "मामी क्या मस्त भागी," म्हणत सगळे हसले. मी चहा ठेवायला उठले. भाच्यानं मागितला तरी हा फासा मी देणार नाही. माझी लाथ बाकी आहे.