मशेरीचे पाच दिवस

माझं तंबाखूचं व्यसन सोमवारी दुपारी सुरू झालं आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सुटलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तंबाखू न खाण्याची शपथ पोरांना दरवर्षी मीच देते, तीही माईकवर! त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांच्या पालकांनी पुढचा मजकूर वाचू नये, ही नम्र विनंती.

झालं असं, की आमच्या ह्यांच्या मानेवर एक गाठ आली. सुई घालून नमुना तपासणीला पाठवला आणि आम्हाला सांगण्यात आलं, "रिपोर्ट शुक्रवारी." आणि तो दिवस सोमवार! हे एकदम शांत. मी मात्र चहात मीठ घातलं. (ह्यांनी तो निमूट प्यायला, तेव्हा तर माझी पाचावर धारण बसली. एरवी हा माणूस आलं कमी पडलं तरी भाषण देतो.)

सासूबाई आमच्याकडेच असतात. मूळच्या ओवे गावच्या. मशेरी लावल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना घासत बसायची. भाजायला त्या गावी जातात, कारण नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत त्यांनी एकदाच भाजली होती आणि तीन मजले खोकत खाली उतरले होते. वीस वर्षं मी त्यांच्या कमरेच्या मशेरीच्या डबीवरून त्यांना उपदेश करत आले आहे. एकदा तर शाळेतला तोंडाच्या कर्करोगाचा तक्ता घरी आणून भिंतीवर लावला होता. त्यांनी त्याच्याकडे बघत बघतच मशेरी लावली.

तर त्या सोमवारी मी गॅलरीत डोकं धरून बसले होते. शेजारी सासूबाई, बोट तोंडात.

"आई, तुम्हाला काळजी नाही वाटत? मुलगा आहे तुमचा!"

"वाटते तं. म्हून तं सकालपासून चवथ्यांदा लावलीय." त्यांनी डबी पुढे केली. "येक बोट लाव गो. डोका हलका व्हईल. आमी कोनाला नाय सांगत."

मी लावली. डोकं हलकं झालं, इतकं हलकं की भिंत धरून आत यावं लागलं. पण ती दहा मिनिटं गाठ, सुई, शुक्रवार, काही म्हणता काही आठवलं नाही. मंगळवारी दोनदा लावली, बुधवारी तीनदा. गुरुवारी मोजणं सोडलं. बाथरूमचं दार लावायचं, नळ सोडायचा आणि घासत बसायचं!

इकडे ह्यांना वाटलं, बायको आत बसून रडते आहे. गुरुवारी ते दाराबाहेर स्टूल घेऊन बसले.

"मीना, रडतेस ना?"

माझं तोंड काळ्या फेसाने भरलेलं. "ऊंऽऽ," मी म्हटलं.

"अगं, मला काही होणार नाही."

"ऊं ऊंऽ!"

"कधी बोललो नाही, पण तू आहेस म्हणून मला भीती वाटत नाही."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर नवरा पहिल्यांदा असं काही बोलला आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती! मग मात्र मला खरोखरच रडू आलं. चूळ भरून बाहेर आले, तर माझे लाल डोळे बघून ह्यांचेही भरून आले. सासूबाई गॅलरीत तोंडाला पदर लावून हसत होत्या.

शुक्रवार उजाडला. रिपोर्ट चारला येणार होता. साडेचार झाले, पाच झाले. माझ्याच्याने राहवेना. बाथरूममध्ये जाऊन एका बोटाच्या जागी दोन बोटं भरून घेतली आणि तेवढ्यात दारावर धाडधाड!

"मीना! लॅबचा फोन आला! रिपोर्ट पाठवलाय!"

मी दचकले आणि गिळली. सगळी!

दोन मिनिटांत घामाने गाऊन भिजला, फरशी गरगरायला लागली. कसंबसं दार उघडलं आणि ह्यांच्या पायांवरच भडाभडा ओकले. काळंकुट्ट!

"रक्त!" हे किंचाळले. "आई, हिला काळं रक्त पडतंय!"

रिपोर्ट न उघडताच फोन खिशात गेला. मानेला पट्टी लावलेला नवरा पुढे, त्याच्या खांद्यावर लोंबकळणारी मी मागे, आणि आमच्यामागे सासूबाई. जिन्यात शेजारचे काका थबकले. "अहो, पेशंट नक्की कोण?"

कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला कॉटवर आडवं केलं. "सकाळपासून काय खाल्लंत?"

"पोहे."

"पोहे काळे नसतात, मॅडम."

"जांभळं..."

"डिसेंबरात?"

सासूबाईंचा धीर सुटला. "मशेरी गिलली तिनी! सोमवारपासून लावते. माजी डबी अर्धी केलीन!"

 बाहेर बसलेल्या पेशंटांनी खोकणं थांबवलं.

"म्हणजे काल मी दाराशी बसून जे बोललो..." हे म्हणाले.

"ते सगळं ऐकलं मी," मी म्हटलं. "पण आधी तो रिपोर्ट उघडा हो!"

ह्यांनी फोन काढला. पाच दिवस शांत असलेल्या माणसाने रिपोर्टऐवजी तीनदा कॅमेराच उघडला. फोन डॉक्टरांनीच घेतला. ते वाचत होते आणि मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते.

"साधी गाठ आहे," ते म्हणाले. "कर्करोग वगैरे काही नाही."

मी भोकाड पसरलं. हे मटकन स्टुलावर बसले आणि माझा हात धरून, सगळ्यांदेखत, नुसते हसत राहिले. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. सासूबाईंनी कमरेची डबी काढली.

"आजी! आता कसली काळजी?" डॉक्टर ओरडले.

"काळजी नाय. ही खुशीची हाय!"

डबी जप्त झाली. मला इंजेक्शन मिळालं आणि तंबाखू पोटात गेल्यावर काय काय होऊ शकतं, यावर पंधरा मिनिटांचं व्याख्यान मिळालं. मी खाली मान घालून ऐकलं.

ह्यांची फाईल त्याच संध्याकाळी बंद झाली आणि माझी उघडली. तिच्यात 'सवयी' नावाचा एक रकाना आहे. आमच्या डॉक्टरांचं अक्षर पनवेलमधल्या एकाही औषधवाल्याला पहिल्या फटक्यात लागत नाही. पण त्या पानावर एक शब्द त्यांनी असा टपोरा, सुवाच्य आणि वर अधोरेखित करून लिहिलाय, की रस्त्यापलीकडून वाचता यावा: मशेरी.