अस्वलाच्या गोष्टीचा शेवट

आमच्या शाळेतल्या मॅडमनी आयांचा गट केला, तेव्हा मी सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले होते. तिसरीच्या मुलांना दुपारी गोष्ट लिहायला मदत करायची, एवढंच काम होतं. बाकीच्या बाया दहावी-बारावी झालेल्या, पण त्यांना कापसाच्या वेचणीला जायचं होतं. मी चौथी शिकलेली. कंबर दुखते म्हणून मी वेचणीला जात नाही. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हीच या." नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. मी गेले.

मॅडमनी खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर गोष्टीचे आराखडे काढले होते. मधे गोल, त्यात गोष्टीचं नाव. भोवती चार चौकोन. कोण, कुठे, काय झालं आणि शेवट. चौकोनांत आधी थोडे थोडे शब्द लिहायचे आणि मग ते पाहून वहीत गोष्ट लिहायची. मॅडमनी फळ्यावर एक आराखडा भरून दाखवला, 'कोण' पासून 'शेवट' पर्यंत. मी तो क्रम मनात घट्ट धरला. आपल्या हातून चुकू नये, एवढीच भीती होती.

त्या हंगामात मेळघाटातून काही कुटुंबं वेचणीला आली होती. त्यांतली एक कोरकू मुलगी तिसरीत बसायची. सेमाडोहच्या पलीकडचं कुठलंसं गाव होतं तिचं. वर्गात ती बोलत नसे, मीही नसे. पोरं म्हणायची, "दोन मुक्या एका जागी बसल्या!" म्हणूनच की काय, ती पुठ्ठा घेऊन माझ्याजवळच यायची.

एके दिवशी तिने गोलात 'अस्वल' लिहिलं. कोण? मी, आजी, अस्वल. कुठे? मोहाच्या झाडाखाली. उन्हाळ्यात आजीसोबत मोहफुलं वेचायला गेली होती ती. लिहिता लिहिता तिला एकदम हसू फुटलं. दोन्ही हात तोंडावर दाबून ती हसत राहिली आणि मग तिने शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"मौसी, पहले ये लिखूँ?"

"नाही व माय. आधी काय झालं थे लिही. शेवट शेवटी."

"पर येईच मजे का है."

"मॅडमनं असंच शिकवलं."

तिने ऐकलं. एकेक अक्षर जपून काढत तिने लिहिलं, 'अस्वल आलं. आजी पळाली नाही.' तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, "उद्या भरू." ती पुन्हा हसत पळाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शेवटचा वेचा उरकला होता. पहाटेच गाडीत सामान भरून ती माणसं गेली होती.

मॅडमनी पुठ्ठा हातात घेतला. "शेवट राहिला का?" मी खाली पाहत सांगितलं, तिला तोच आधी लिहायचा होता, मी लिहू दिला नाही. मॅडम सहज म्हणाल्या, "अहो काकू, असा काही नियम नाही. ज्याला जे आधी सुचेल ते त्याने आधी लिहावं." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इतके दिवस मी शाळेत जात होते, पण त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं.

पोरांनी पुठ्ठ्याभोवती घोळका केला.

"अस्वलानं आजीले खाल्लं असन."

"खाल्लं असतं तं थे हासली असती काय बे?"

"आजीनं त्याले मोहाची पाजली असन!"

सव्वीस जानेवारीला सगळ्या गोष्टी भिंतीवर लावायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हीच पूर्ण करा. एवढ्यासाठी तिची गोष्ट मागे राहायला नको." मी शेवटच्या चौकोनात लिहिलं, 'मग अस्वल निघून गेलं.' पाहुण्यांनी वाचलं, छान म्हणाले. कोणालाच काही खटकलं नाही. पण निघून गेलेल्या अस्वलाला कोणी इतकं हसत नाही, हे मला लिहितानाही कळत होतं. तिच्या गोष्टीला मी माझा शेवट लावला आणि खाली नाव तिचंच राहिलं.

आता मुलं वाटेल त्या चौकोनापासून सुरू करतात. मी पाहत बसते.

यंदा मेळघाटातली दुसरी माणसं आली. एका संध्याकाळी हिंमत करून मी त्यांच्या झोपड्यांकडे गेले आणि एका बाईला विचारलं, मोहाखाली अस्वलासमोरून न पळालेली म्हातारी तुमच्या ओळखीत आहे का? ती खळखळून हसली. "बाई, हमारी कौनसी बुढिया अस्वल से नहीं मिली? तुम कौनसी पूछती?"

मी मुलीचं नाव सांगितलं. तसल्या नावाच्या पोरी घरोघर आहेत, म्हणाली. कोणतं गाव, कोणाची पोर, ती विचारत गेली. मला सांगता आलं नाही. मग कापसाचं वजन सुरू झालं, तिला हाक आली आणि ती गेली. थांबले असते तर आणखी कोणी सांगितलंही असतं. पण सगळे माझ्याकडेच पाहायला लागले, तशी मी घरी आले.